हात हलवण्याचा धडा

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्या रांगेत बसलो, आणि तेही स्वतःच्याच घराच्या सोप्यात, पाटावर. माझ्या मागं दुसरी रांग नव्हती. समोर फळ्याच्या जागी धान्याच्या कोठीचं पत्र्याचं दार होतं आणि त्यावर सुनेनं खडूनं एक इंग्रजी शब्द लिहिला होता. चष्मा कपाळावर राहिला होता, म्हणून तो वाचायला मला जरा वेळ लागला. वेव्ह.

"मामा, माझ्या मागनं म्हणा," सून म्हणाली. "वेव्ह."

माझ्या तोंडून 'येव' आलं. आमच्याकडं निरोप घेताना माणूस 'येव का?' म्हणतो, जीभ आपोआप तिकडं वळली. सुनेला हसू आलं. मी म्हटलं, हसायला काय झालं, अर्थ कुठं लांब गेलाय? निघतानाच तर हात हलवतात.

या वयात मला इंग्रजीचं खूळ लागलं नव्हतं. फलटणच्या एका इंग्रजी शाळेत लहान गटाला शिकवायला बाई हव्या होत्या. सुनेनं अर्ज केला, त्यांनी शनिवारी डेमोला बोलावलं. म्हणजे वीस मिनिटं पोरांना शिकवून दाखवायचं. विषयही त्यांनीच दिला: वेव्ह हे क्रियापद, रोजच्या साध्या वाक्यांतून. हातात चार दिवस होते आणि सरावाला पोरं नव्हती. पाच वर्षांची नात हातातलं बिस्कीट संपेपर्यंतच विद्यार्थिनी राहायची. माझी बायको म्हणाली, मला म्हशीची धार हाय. मुलगा सैन्यात, तो लांब. राहिलो मी. निवृत्त कंडक्टर, दिवसभर वाद घालण्यापलीकडं उद्योग नसलेला.

आमच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती. सुनेच्या बापाकडं अजून आहेत. त्या माणसानं माण तालुक्याच्या माळावर उन्हातान्हात फिरून लेकीला इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, आणि मग ती आमच्या घरी आली. सहा वर्षं झाली त्याला. आता ती तिशीला टेकली होती आणि शाळांना पंचविशीतल्या मुली मिळत होत्या. ही नोकरी तिला हवी आहे एवढं मला दिसत होतं. किती हवी आहे ते मी कधी विचारलं नव्हतं.

पहिला दिवस बरा गेला. 'आय वेव्ह टू माय ग्रँडमदर.' मी आजीला हात हलवतो. मी म्हटलं, ठीक आहे, आजी खूश. 'द गर्ल इज वेव्हिंग.' हे वाक्य तिनं खात्रीसाठी माझ्या फोनमध्ये घातलं, तर फोननं मराठी करून दिलं: 'मुलगी लहरत आहे.' मी विचारलं, पोरगी हाय का गुढीचं कापड? त्यावर ती इतकी हसली की खडू हातातून पडला. माझ्या बायकोनं आतून आवाज दिला, "पालथ्या घड्यावर पाणी घालतीयास बाय. त्यांना शिकवून काय मिळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी भांडण झालं. वाक्य होतं: 'आय वेव्ह्ड अँड द बस स्टॉप्ड.' मी हात हलवला आणि गाडी थांबली.

"ही गाडी थांबायची न्हाई," मी म्हणालो.

"का वो मामा?"

"असा हात हलवल्यावर कोण डायवर थांबंल? त्याला वाटंल, टाटा करतोय."

तीस वर्षं मी गाडीवर काढली. आधी सातारा-सांगली, मग फलटण-सातारा, शेवटी माणकडच्या गाड्या. हाताच्या बाबतीत मला कुणी इंग्रजीतून सांगावं हे मला पटण्यासारखं नव्हतं. पाटावरून उठून मी तिलाच शिकवायला लागलो. गाडी थांबवणारा माणूस हात आडवा धरतो, तळवा खाली, आणि बिथरलेली म्हैस शांत करावी तसा वर-खाली करतो. मनगट फिरवून बोटं उघडली तर तो विचारतोय, कुठली गाडी? डायवर खांद्यामागं अंगठा दाखवतो, त्याचा अर्थ मागून रिकामी येतीय, आणि ती सहसा येत नाही. पंजा या बाजूचा त्या बाजूला हलवला तर 'नको, जावा तुमी.' एकदा कराडच्या पुढं लेकीला बसवून द्यायला आलेल्या एका बाईनं गाडी सुटल्यावर इतका जोरात हात हलवला की आमच्या डायवरला वाटलं, कोणतरी राहिलंय. त्यानं करकचून ब्रेक मारला, उभी माणसं एकमेकांवर पडली. बाई धावत खिडकीशी आली आणि म्हणाली, "काय न्हाई, नुसतंच." त्या 'नुसतंच'ला पुढं कासेगावपर्यंत शिव्या बसत होत्या.

सून हे सगळं वहीत लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "मामा, इंग्रजीत या समद्याला एकच शब्द हाय."

"मग गरीब हाय तुमची इंग्रजी."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," आतून बायको.

पण सुनेचं लक्ष माझ्या आडव्या हाताकडं होतं. तिनं स्वतः तसा हात करून पाहिला, वर-खाली. मग पुस्तक उघडलं, फोन बघितला आणि म्हणाली, "तुमचं बरोबर हाय मामा. गाडी थांबवायची असंल तर 'वेव्ह डाउन' म्हणत्यात. हात खाली दाबत्यात ना, म्हणून डाउन." तिनं दारावर लिहिलं: 'आय वेव्ह्ड डाउन द बस.' मला अगदी बढती मिळाल्यासारखं झालं. बायकोला दोनदा सांगितलं की इंग्रजीनं माझं ऐकलं.

मला तर या शब्दाचा नादच लागला. तिनं लिहिलं, 'माय फादर केम बॅक वेव्हिंग.' मी विचारलं, कुठनं आला? ती म्हणाली, तालुक्याच्या गावासनं. मी म्हटलं, मग बिचाऱ्याचं काम न्हाई झालं. हात हलवत आला म्हंजी मोकळ्या हातानं आला. तिनं कपाळाला हात लावला. "आवं मामा, इंग्रजीत त्यो खुशीत आलाय." आमच्या गावात खुशीत आलेला माणूस पेढ्याचा पुडा घेऊन येतो, हात हलवायला त्याचा हात रिकामा नसतो. हेही तिनं लिहून घेतलं.

गुरुवारी ती म्हणाली की डाउनसारखे आणखी बारके शब्द वेव्हला चिकटतात, ते तिला माहीत असायला हवेत, तिथं शाळेत विचारले तर. दारावर दोन वाक्यं होती. 'आय शोड हिम द लेटर. ही वेव्ह्ड इट अवे.'

मी चष्मा लावून वाचलं. पहिलं कळलं, तिनं त्याला पत्र दाखवलं. दुसरं नाही कळलं.

"अवे म्हंजी?"

"लांब."

"म्हंजी पत्र लांब नेलं का त्यानं?"

"न्हाई मामा. पत्राला हातच लावला न्हाई. ऐकायचंच नसलं की माणूस हातानं असं करतो ना, ते."

आणि तिनं करून दाखवलं. मान खालीच, नजर खालीच, उजव्या हाताची बोटं मनगटातून दोनदा बाहेर झटकली, ताटावरची माशी हाकलावी तशी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून घेतलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं. कारण तो हात माझा होता. मनगट माझं, झटका माझा. गाडीत सुटे नसलेल्या माणसाला, पासाची तारीख उलटलेल्या पोराला, दारात लोंबकळणाऱ्याला मी तीस वर्षं असाच हात केला होता. पण तिनं तो गाडीत पाहिलेला नव्हता.

मग मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, तुकड्यातुकड्यांनी वर आलं. लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील. मी डबल ड्युटी करून आलो होतो, सोप्यातच पेपर वाचत बसलो होतो. सून चहा घेऊन आली, बशीसोबत तिच्या हातात एक कागद होता. लग्नाआधी तिनं कुठल्याशा शाळेत अर्ज केला होता, त्यांनी नेमणुकीला बोलावलं होतं. ती काहीतरी बोलली. मी पेपरातून मान वर न काढता हात केला. चहा ठेवून ती आत गेली. त्यानंतर त्या कागदाचा विषय घरात निघाला नाही, आणि मी समजलो की तिला घरातच बरं वाटतंय.

"हे मला बोलतीयास का?" मी विचारलं. आवाज चढला होता.

तिचा चेहरा उतरला. "मुद्दाम न्हाई लिवलं मामा. वाक्य आठवत बसले तवा तेच आलं."

मी उठलो आणि गोठ्याकडं गेलो. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. घरात पाटावर बसवून सासऱ्याची परीक्षा घेतली, असं वाटलं. म्हशीला वैरण होती तरी आणखी टाकली. थोड्या वेळानं बायको आली.

"तू व्हतीस का तवा तिथं?" मी विचारलं.

"व्हय की. तुमी वर बगितलं बी न्हाई."

"मग तू का बोलली न्हाईस?"

"तुमचा हात बगून कोण बोलतंय, आवं," ती म्हणाली, आणि म्हशीखालचं शेण पाटीत भरायला लागली.

राग तिथंच गेला. राहिली ती लाज. रस्त्यावर हात केलेल्या माणसाला सोडून गाडी पुढं गेली की मला रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही, अशी माझी ख्याती होती, ती मीच पसरवलेली. आणि घरातली पोरगी कागद घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती तेव्हा मी गाडी सोडायची डबल बेल मारून निघून गेलो. सहा वर्षं ती त्याच सोप्यात मला चहा देत आली होती.

शुक्रवारी मी वेळेवर पाटावर जाऊन बसलो. दार पुसलेलं होतं.

"ते कशाला पुसलंस?"

"लहान पोरांना ते न्हाई शिकवायचं मामा," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. मी घसा साफ केला. माफी मागायला हवी होती हे मला कळत होतं. पण आयुष्यभर लोकांकडं तिकीट मागितलं, माफी मागायची सवय हाताला नाही की तोंडाला नाही. मी म्हटलं, "पुढचं वाक्य सांग." तिनं सांगितलं.

शनिवारी तिच्यासोबत मी गेलो. न्यायला मुलगा नव्हता हे निमित्त होतं. इस्त्रीची टोपी घातली. गाडीत ती ओठ हलवत वाक्यं पाठ करत होती, दोन्ही बाजूंना ऊस होता, मध्येच कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्या. मला ती फार लहान दिसली. माझ्याच मुलीला परीक्षेला घेऊन निघालोय असं वाटलं.

शाळेत ऊन फार म्हणून शिपायानं मला वर्गातच मागं, भिंतीला लागून खुर्ची दिली. माझ्यापुढं मुख्याध्यापिका आणि आणखी दोन बाई, त्यांच्यापुढं पंधरा-वीस पोरं, आणि सगळ्यांच्या समोर आमची सून. मागची बाजू फक्त तिला दिसत होती.

पोरांना तिनं पहिल्या मिनिटात खिशात घातलं. खिडकीतून दिसणाऱ्या शाळेच्या गाडीला सगळ्यांनी उठून आडवे हात केले, 'वेव्ह डाउन, वेव्ह डाउन' म्हणत म्हशी शांत केल्या. हे मी शिकवलेलं आहे, असं शेजारी कुणी असतं तर सांगितलं असतं. आजीला टाटा झाला, माळावर राहिलेल्या मेंढराच्या पिल्लाला टाटा झाला. वीस मिनिटं संपली, पोरं बाहेर गेली.

मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान. तुम्हाला एकच विचारते. या वेव्हमध्ये नेहमी आनंदच असतो का? तसा नसलेला एखादा वापर सांगा बरं. वाक्यात."

सुनेनं तोंड उघडलं. तिला ते येत होतं. मलाही माहीत होतं की येतंय. तिची नजर बाईंच्या डोक्यावरून माझ्याकडं आली आणि ती थांबली. दुसरं वाक्य शोधायला लागली, ते सापडेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. बाईंनी घड्याळाकडं पाहिलं. शेजारच्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. भर वर्गात सासऱ्याची लाज राखायची म्हणून पोरगी हातातली नोकरी दुसऱ्यांदा सोडत होती, आणि कारण दोन्ही वेळा मीच.

मी काय करणार होतो? बोलता येत नव्हतं. मी मान खाली घातली, पेपर वाचतो तशी, आणि उजवा हात वर करून बोटं झटकली. एकदा. मग तिला नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा. आणि वर बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. मी मान हलवली, सांग म्हणून.

तिनं पदर सोडला. "आय शोड हिम द लेटर," ती म्हणाली, सरळ, स्पष्ट, "अँड ही वेव्ह्ड इट अवे." आणि हातानं करूनही दाखवलं.

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. मग सहज विचारलं, "हू?"

एवढं इंग्रजी मला येतं. मी खुर्चीत ताठ झालो.

"समवन," सून म्हणाली.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी तीनदा सुरुवात केली. एकदा 'पोरी' म्हणालो, पुढं 'ऊन लय हाय' एवढंच निघालं. ती म्हणाली, व्हय मामा. मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी मला दिली. मी पाणी प्यायलो, आणि स्वतःवर इतका चिडलो की उतरताना कंडक्टरशी विनाकारण भांडलो.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. अर्जावर नंबर माझा होता, कारण सुनेचा फोन नातीनं पाण्याच्या टिपाडात बुडवल्यापासून धड चालत नव्हता. मी सोप्यात होतो, सून चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मुख्याध्यापिका होत्या. म्हणाल्या, आम्ही त्यांना घेतोय.

मी "एक मिनिट" म्हणालो आणि सुनेला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बाई पुढं बोलतच होत्या.

"एक विचारून ठेवते. घरच्यांची काही हरकत नाही ना? पुष्कळ मुली दोन महिन्यांत सोडून जातात, घरून परवानगी नाही म्हणतात."

'काही हरकत नाही' म्हणून फोन ठेवता आला असता. बाईंना कळलं नसतं. पण ती समोर उभी होती.

"हरकत व्हती, बाई," मी म्हणालो. "माझीच व्हती. सहा वर्षांमागं हिला अशीच नोकरी आलती. हिनं कागद दावला, मी हातानं उडवला. माझं चुकलं. लय चुकलं. आता हरकत घ्यायचीच असंल तर हिनं माझ्यावर घ्यावी. तुमी फक्त सांगा, कवापास्नं यायचं तिनं?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "सोमवारी. साडेनऊला."

फोन ठेवला. सुनेनं मनगटानं डोळे पुसले, कपाळाला पीठ लागलं, आणि आत जाऊन तव्यावरची भाकरी उलथली. ती करपली होती, वास येत होता. मी तिथंच बसून राहिलो. मागं गोठ्यातून बायकोनं विचारलं काय झालं.

"मामा," सुनेनं आतून विचारलं, "सोमवारी सकाळची फलटणची गाडी कितीला हाय?"

तीस वर्षं मी लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितल्या. त्या सकाळी मी उठून चुलीपाशी गेलो आणि तिच्याकडं बघून वेळ सांगितली.